'बाकीच्यां'चा संघ

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता पुढे सांगलीला पोहोचतो. त्या सांगलीत 11 मार्च 1915 रोजी एका ख्रिस्ती शाळामास्तरांच्या घरी विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म झाला. भारतीय क्रिकेटमधील त्यांचे स्थान सर्वांना ठाऊक आहे. मात्र ज्या संघाकडून खेळताना त्यांनी आपला सर्वांत मोठा डाव मुंबईत रचला, तो संघ आज कोणाच्या स्मरणात नाही. त्या संघाला गाव नव्हते, प्रांत नव्हता, धर्मही नव्हता. त्याचे नाव 'दि रेस्ट', म्हणजे बाकीचे. उणीपुरी आठ-नऊ वर्षे तो जगला आणि गेला. या संघाची हकीकत आम्ही येथे सांगू इच्छितो, कारण त्या 'बाकीच्यां'त आपला समाजही मोजला गेला होता.

हा संघ 1937 साली जन्माला आला खरा, पण त्याची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर गोरे सोल्जर आणि साहेब क्रिकेट खेळत व पारशी मुले कडेला उभी राहून पाहत. पाहता पाहता ती खेळूही लागली. 1848 मध्ये त्यांनी 'ओरिएंट क्लब' काढला. हिंदी लोकांचा हा पहिला क्रिकेट क्लब जेमतेम दोन वर्षे टिकला. 1850 मध्ये त्याच्या जागी 'झोरोस्ट्रियन क्लब' आला आणि मग पारशांच्या क्लबांची रीघच लागली. एकाला मार्सचे नाव, दुसऱ्याला ज्युपिटरचे; रोमन देवतांना फोर्टातल्या मैदानावर असा मान मिळाला! हिंदूंचा पहिला क्लब, 'बॉम्बे युनियन', 1866 मध्ये प्रभू समाजातील तरुणांनी काढला. पुढे गौड सारस्वतांचा वेगळा, क्षत्रियांचा वेगळा, गुजराती मंडळींचा वेगळा, मराठ्यांचा वेगळा असे क्लब निघाले. ज्याने त्याने आपापल्या पंगतीत बसावे, तसे हे खेळणे होते.

येथे एका लढ्याची आठवण द्यावीशी वाटते. बॉम्बे जिमखान्याच्या गोऱ्या सभासदांना स्वतःचे राखीव मैदान होते, तरी त्यांचे पोलोचे घोडे मात्र हिंदी मुलांच्या खेळपट्टीवर नाचत. टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कसा उसळेल याचा नेम नसे. 1881 मध्ये शेकडो हिंदी खेळाडूंनी सह्या करून गव्हर्नरकडे अर्ज केला. शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटप्रेमी गृहस्थाने ही सारी झुंज 1897 च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. पुढे समुद्रकिनारी केनेडी सी-फेसवर पारशी, हिंदू व मुसलमान जिमखान्यांना शेजारीशेजारी जागा मिळाल्या. लॉर्ड हॅरिस यांना याचे श्रेय अनेकदा दिले जाते. आमच्या मते ते अर्जावर सह्या करणाऱ्यांकडे अधिक जाते. पण जागा मिळाल्या त्या जमातवार, आणि जशा जागा तसे सामने. पारशी विरुद्ध युरोपियन हा सामना 1892 पासून प्रेसिडेन्सीचा मोठा सोहळा झाला. 1907 मध्ये हिंदू आले व सामने तिरंगी झाले, 1912 मध्ये मुसलमान आले व चौरंगी झाले.

पंगतीच्या आतही पंगती होत्या. पळवणकर बाळू हे आडनावच कोकणातल्या पालवण गावाचे. हा चर्मकार समाजातील तरुण 1892 च्या सुमारास पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखे आणि कॅप्टन ग्रेग यांना तासन्‌तास गोलंदाजी करी. त्याच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती झाल्यावर पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला संघात घेतले. मैदानात तो सर्वांचा. चहाच्या वेळी मात्र त्याला मातीच्या भांड्यात, तंबूबाहेर. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद या घराण्यात यायला 1923 उजाडावे लागले, आणि ते मिळाले बाळूला नव्हे, तर त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला.

अशा व्यवस्थेत हिंदी ख्रिस्ती खेळाडूने कोठे उभे राहावे? युरोपियनांच्या संघात उपासनेचे नाते चालत नसे. तेथे कातडीचा रंग लागे. उरलेल्या तिन्ही संघांची दारे जन्माने बंद. म्हणजे चांगल्यात चांगला ख्रिस्ती फलंदाज असला, तरी देशातील सर्वांत गाजलेल्या स्पर्धेत त्याने प्रेक्षकांत बसायचे. पंचवीस वर्षे हे असेच चालले.

1937 साली ही कोंडी फुटली. नव्याने उभ्या राहिलेल्या ब्रेबोर्न स्टेडियमवर स्पर्धा पंचरंगी झाली आणि पाचवा संघ म्हणून हिंदी ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध अशा कोणत्याच खान्यात न बसणाऱ्यांचा 'रेस्ट' उभा राहिला. गंमत पाहा, त्याच वर्षी आसनांच्या वाटपावरून रुसून हिंदूंनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. पाच रंगांपैकी पहिल्या वर्षी उमटले चारच.

'बाकीचे' या नावाला तेव्हा कोणी हरकत घेतल्याचे आमच्या वाचनात नाही. कदाचित खेळायला मिळते आहे हेच पुष्कळ वाटले असेल. आम्हांला स्वतःला हे नाव खुपते. जनगणनेच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यावर 'इतर' असे लिहावे, तसे ते आहे. पण हेही मान्य करायला हवे की, ज्यू, बौद्ध आणि ख्रिस्ती एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसून एकमेकांची पॅडे बांधत होते, असा संघ त्या स्पर्धेत हा एकच. हजारे प्रॉटेस्टंट कुटुंबातले. त्यांना आपले म्हणताना आपण कॅथॉलिकांनी हे विसरू नये, आणि 'रेस्ट'च्या यादीत हा भेदही कोणी विचारला नव्हता, हेही ध्यानात ठेवावे.

या संघाला विजेतेपद कधीच लाभले नाही. करंडक हिंदू व मुसलमान यांच्यातच फिरत राहिला. तरीही 1943 चा डिसेंबर 'बाकीच्यां'चा, असे आम्ही म्हणू. आधीच्या सामन्यात मुसलमानांविरुद्ध विजय हजारे यांनी 248 धावा काढून स्पर्धेतील वैयक्तिक उच्चांक केला. अंतिम सामन्यात गाठ हिंदूंशी पडली. विजय मर्चंट यांनी नाबाद 250 करून तो उच्चांक दोन धावांनी मागे टाकला, आणि हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला. 'रेस्ट' 133 मध्ये गडगडले व त्यांना फॉलोऑन मिळाला.

दुसऱ्या डावातही पडझड सुरू झाली. पाच गडी गेल्यावर विजयच्या जोडीला त्याचा भाऊ विवेक आला. दोघांनी सहाव्या गड्यासाठी 300 धावांची भर घातली. त्यांत विवेकच्या धावा होत्या 21. ज्यांनी कधी क्रिकेट खेळले आहे, त्यांना या 21 धावांचे मोल सांगावे लागणार नाही. एका टोकाला पाय रोवून उभे राहायचे, एखादी धाव काढून भावाला समोर आणायचे, आपल्यासाठी टाळी वाजणार नाही हे ठाऊक असूनही बॅट सरळ ठेवायची. विजय हजारे 309 वर बाद झाले. संघाची एकूण धावसंख्या होती 387, म्हणजे दर पाच धावांपैकी चार एकाच माणसाच्या. स्पर्धेच्या इतिहासातले ते पहिले त्रिशतक. सामना मात्र हिंदूंनी एक डाव व 61 धावांनी जिंकला. दोन विजयांची ही चढाओढ तेथेच थांबली नाही. त्याच हंगामात मर्चंट यांनी रणजी करंडकात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359 धावा केल्या.

एवढ्या सुंदर खेळावर पडदा पडावा, असे म्हणणाऱ्यांत मोठी माणसे होती, आणि त्यांचे चुकत नव्हते. डिसेंबर 1940 मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींचा सल्ला घ्यायला गेली, तेव्हा धर्मवार सामने मुंबईकरांनी बंदच करावेत असे मत गांधीजींनी दिले. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनीही या सामन्यांविरुद्ध लेखणी चालवली. दुसरी बाजू अशी की, प्रेक्षक खेळ पाहायला येत, भांडायला नव्हे, असे स्पर्धेचे चाहते सांगत. आणि स्टेडियम भरून वाहत असे, हे खरेच होते. तथापि 1945-46 नंतर ही स्पर्धा पुन्हा झाली नाही. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन संघांबरोबर 'रेस्ट'ही संपले. त्यांच्यामागे निदान जिमखाने उरले. 'रेस्ट'ला मुळात जिमखाना नव्हताच, त्यामुळे त्याची छायाचित्रे लावायला भिंतही मिळाली नाही.

विजय हजारे पुढे बडोद्याकडून व भारताकडून खेळत राहिले. जानेवारी 1948 मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत 116 व 145 अशी दोन शतके केली. फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला इंग्लंडला एक डाव व 8 धावांनी हरवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. त्या सामन्यात विनू मंकड यांनी 12 बळी घेतले, पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांनी शतके केली, आणि दुसऱ्या डावात गुलाम अहमद यांनी 4 गडी बाद केले. जुन्या हिशेबाने यांतले दोघे हिंदूंच्या तंबूत बसले असते, एक पारशांच्या, एक मुसलमानांच्या, आणि त्यांचा कर्णधार बाकीच्यांच्या.