बियाचा कांदा

अलिबागहून पेणकडे निघालं की कार्लेखिंड लागते. फेब्रुवारी-मार्चात तिथे रस्त्याच्या कडेला बायका पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगून बसलेल्या दिसतात. गाड्या थांबतात, घासाघीस होते, माळ डिकीत जाते. ते बघितलं की मला आमच्या पडवीतली एक रिकामी खुंटी आठवते.

आमचं गाव खिंडीच्या अलीकडचं. खंडाळे, नेहुली, वाडगाव, तळवली, सागाव ही सगळी कांद्याची गावं. भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर वाल टाकायचा आणि विहिरीजवळच्या तुकड्यात वाफे करून कांदा लावायचा. कांदा उभा असताना आई कोवळी पात काढून आणायची आणि जवळ्यात घालायची. मार्चात कांदा उपटला की पातीसकट सुकवायचा आणि त्याच पातीची वेणी घालून माळा करायच्या. हे काम आजी पहाटे करायची. दवानं पात मऊ असते, उन्हं वर आली की तुटते. कांदा चवीला गोडसर, तिखटपणा बेताचा. भाकरी, भाजलेलं सुकट आणि हा कांदा बुक्कीनं फोडलेला, एवढ्यावर आमचं जेवण व्हायचं.

चीन-जपानकडे एक कांदा असतो, तो गड्डा असा धरतच नाही. त्याला फुटवे येत राहतात आणि एकदा लावला की वर्षानुवर्षं पात कापता येते. आमच्या कांद्याला ते सुख नाही. तो दरसाल नव्यानं उभा करावा लागतो. शिवाय कांद्याचं बी साधारण वर्षभरच चांगलं उगवतं, जुनं झालं की दगा देतं. म्हणून मार्चातले निवडक कांदे पावसाळाभर जपायचे, दिवाळीनंतर ते पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना डेंगळे आले की उन्हाळ्यात बी झाडून घ्यायचं, आणि ते राखेत घालून मडक्यात ठेवायचं. बियापासून पुन्हा बियापर्यंत यायला दोन वर्षं जातात. आसपास लाल कांद्याचे डेंगळे असले तर मधमाश्या दोन्हींवर बसतात आणि बी भेसळ होतं. आजी त्यावरसुद्धा नजर ठेवायची.

१९८१ साली आमच्या कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. मी चौदा वर्षांचा होतो. मे महिना, विकायचा कांदा कधीच संपलेला. मुंबईची एक मोटार दारात थांबली. पडवीतल्या खुंटीवर चिंधी बांधलेली एकच माळ होती. त्यांनी दहाची नोट पुढे केली. मी माळ काढून दिली.

आजी वाडीतून आली, खुंटीकडे बघितलं, आणि मला विचारलं, "इकलास?"

मी नोट दाखवली. ती म्हणाली, "अरे, तो बियाचा कांदा व्हता." एवढंच बोलली. नोट तिनं घेतली नाही.

त्या वर्षी काही बिघडलं नाही, कारण मडक्यात बी होतं. पण दिवाळीनंतर लावायला जुना कांदा नव्हता. घरात खायला ठेवलेला पावसाळ्यात सडून गेला होता. पुढच्या वर्षी भात कापून झालं, वाफ्याची वेळ आली, आणि मडक्यात नुसती राख.

आजी मला घेऊन तिच्या माहेरी, नेहुलीला गेली. तिच्या भावजयीनं आतून एक पुरचुंडी आणली. मी पैसे विचारले तेव्हा ती हसली. "बियाचे कसले पैशे? माझा बी गेला व्हता तवा तुझ्या आजीनंच दिलं व्हतं. हा तुमचाच हाय."

येताना पुरचुंडी आजीनं माझ्या हातात दिली. घरापर्यंत मी ती खिशात घातली नाही.

१८८३च्या सरकारी गॅझेटमध्ये अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची नोंद आहे. कोकण कृषी विद्यापीठ आणि कृषी खात्यानं खटपट केली, तेव्हा तीच नोंद पुरावा म्हणून कामाला आली, आणि २०२१ साली या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फार चांगलं झालं. दुसरीकडचा पांढरा कांदा आमच्या नावानं विकणाऱ्याला आता कायद्यानं अडवता येतं. पण १८८३ पासून आजपर्यंत एवढी सालं मध्ये गेली, आणि त्यातल्या प्रत्येक साली कुठल्या ना कुठल्या घरात चिंधी बांधलेली माळ खुंटीवर राहिली असणार. गॅझेटात त्या बायकांची नावं नाहीत.

आता शेतं विकून बंगले होतायत. आमच्या आळीत कांदा लावणारी तीन घरं उरली. मी दोनच गुंठे लावतो. गेल्या साली पलीकडच्या घरातली सून बी मागायला आली, त्यांचं पावसानं भिजलं होतं. वाटीभर दिलं. ती पैसे काढायला लागली तेव्हा मी तिला नेहुलीची गोष्ट सांगितली.

यंदाची माळ खुंटीवर आहे. चिंधी लाल बांधली आहे, लांबून दिसावी म्हणून.