२८ फेब्रुवारी १९९५ : डेन्व्हरचा विमानतळ अखेर उघडला

पहिला ठरलेला मुहूर्त टळून सोळा महिने उलटल्यावर, १९९५ साली आजच्या दिवशी अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. जुन्या स्टेपलटन विमानतळाच्या समांतर धावपट्ट्या इतक्या खेटून होत्या, की हवा बिघडली की उतरणारी विमाने खोळंबत. म्हणून शहराबाहेर, दूर माळरानावर तब्बल १३७ चौरस किलोमीटर जागा घेतली गेली. मॅनहॅटन बेटाच्या दुपटीहून जास्त!

विलंबाचे खापर मुख्यतः फुटले ते सामान वाहणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेवर. संगणकाच्या हुकमाने रुळांवर धावणाऱ्या गाड्यांनी प्रत्येक बॅग बिनचूक विमानापर्यंत पोचवायची, असा बेत होता. १९९४ मध्ये पत्रकारांना हौसेने प्रात्यक्षिक दाखवले, तर बॅगा उडाल्या, फाटल्या, कपडे रुळांवर विखुरले. शेवटी नेहमीचे सरकते पट्टे आणि ट्रॅक्टरमागच्या गाड्याच कामाला आल्या. उरलीसुरली यंत्रणा २००५ मध्ये मोडीत निघाली.

छताचे मात्र कौतुकच झाले. टेफ्लॉनचा लेप दिलेल्या कापडाची ती पांढरी शिखरे रॉकी पर्वतरांगेची आठवण करून देतात.

त्याहून जास्त बोलबाला विमानतळाच्या रस्त्यालगतच्या ३२ फुटी निळ्या घोड्याचा. शिल्पकार लुईस हिमेनेझ यांचा २००६ मध्ये याच शिल्पाचा भाग अंगावर कोसळून मृत्यू झाला; घोडा २००८ मध्ये उभा राहिला. त्याचे डोळे रात्री लाल चमकतात. सैतानाच्या लूसिफर या नावावरून डेन्व्हरकर त्याला ‘ब्लूसिफर’ म्हणतात.