हातातील कळ आणि कायद्याची दृष्टी : व्हिडिओ गेम नियंत्रकांचा संग्रह व फेरबदल

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात मुख्य यंत्राची नोंद होते. ते यंत्र ज्या साधनाने चालविले जाते, ते मात्र दुर्लक्षित राहते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत नियंत्रक (कंट्रोलर) व आर्केड स्टिक यांचे असेच झाले आहे. अशा साधनांचा संग्रह आणि त्यांत केलेले फेरबदल हे इतिहासाचे साधन ठरू शकतात काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यासाठी पनवेलचा संदर्भ सोयीचा आहे. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर येथून जवळ आहे; १९९८ पासून उपनगरी रेल्वेने हे शहर मुंबईला, पर्यायाने लॅमिंग्टन रोडवरील सुट्या भागांच्या बाजारपेठेला जोडले गेले; आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी सुविधा तालुक्यातीलच तळोजा औद्योगिक वसाहतीत आहे. मालाचे आगमन, दुरुस्ती व अंत या तिन्ही अवस्था अशा रीतीने पनवेलच्या परिसरात एकत्र येतात.

नियंत्रकाचा विकास

राल्फ बेअर यांच्या संकल्पनेतून साकारलेल्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी (१९७२) या पहिल्या घरगुती संचात फिरवावयाच्या गोल कळा होत्या. १९७७ च्या अटारी संचाने एक दांडी व एक बटण ही रचना रूढ केली. गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये हातातील लहान खेळासाठी अधिकचिन्हाच्या आकाराची दिशाकळ योजिली. १९८३ च्या फॅमिकॉम संचामुळे ती सर्वत्र पोहोचली. १९८९ मध्ये हातमोज्याच्या रूपातील पॉवर ग्लोव्ह बाजारात आला. त्याच वर्षी निन्टेन्डोने हात वापरू न शकणाऱ्यांसाठी छातीवर बांधावयाचा नियंत्रक तयार केला. त्यात हनुवटीने दांडी हलवायची आणि नळीतून फुंकून वा ओढून बटणांचे काम करायचे, अशी योजना होती. विलक्षण नियंत्रक म्हणजे केवळ गंमत नव्हे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

भारतातील मध्यमवर्गीय घरांत १९९० च्या दशकात प्रामुख्याने फॅमिकॉमच्या नकला आल्या. खेळाच्या पेटीस ‘कॅसेट’ व नियंत्रकास अनेकदा ‘रिमोट’ म्हटले जाई. या नकलांपैकी अनेकांची नऊ टाचण्यांची जोडणी अटारीच्या जोडणीसारखी दिसते. परंतु आतील तारांची मांडणी वेगळी असते. बाह्य साम्यावरून वस्तूचे मूळ ठरविणे संग्राहकास धोक्याचे ठरते, ते यामुळेच.

फेरबदलाचे स्वरूप

स्ट्रीट फायटर टू (१९९१) या खेळात एक दांडी व सहा बटणे होती. अशा दांडीच्या तळाशी सर्वसाधारणपणे चार सूक्ष्म स्विच, एक स्प्रिंग व दांडीची हालचाल मर्यादित करणारी पट्टी असते. पट्टीचे छिद्र चौकोनी असल्यास दांडी कोपऱ्यात टेकून तिरकी दिशा मिळते. अष्टकोनी असल्यास आठही दिशांना खाच जाणवते. स्प्रिंग बदलली की हाताला लागणारा जोर बदलतो. जुन्या नियंत्रकातील सर्किट काढून त्याच्या तारा नव्या दांडीस डाग देऊन जोडणे, हाही प्रचलित फेरबदल आहे. प्रत्येक बदलात विशिष्ट हाताची गरज नोंदली गेलेली असते.

कायद्याची बदलती दृष्टी

या साधनांकडे भारतीय कायद्याने चार वेगवेगळ्या दृष्टींनी पाहिल्याचे आढळते. गीता एन्टरप्रायझेस विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९८३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेम ही करपात्र करमणूक मानली. पार्लरमध्ये प्रवेश विनामूल्य असला तरी खेळण्यासाठी मोजलेले पैसे प्रवेशमूल्यात गणले गेले. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य (१९९५) या खटल्यात प्रश्न कौशल्य की दैव, असा होता. यंत्रात फेरफार करून निकाल बदलता येतो, ही बाब विचारात घेऊन न्यायालयाने परवान्याची सक्ती ग्राह्य ठरविली.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. पार्लरमालकाने यंत्राच्या अंतर्भागात केलेला फेरफार खेळाडूचे कौशल्य निष्फळ करतो; खेळाडूने स्वतःच्या दांडीत केलेला फेरबदल त्या कौशल्यास वाट करून देतो. अर्थात दुसऱ्या प्रकारासही मर्यादा आहेत. केवळ बटणांच्या नियंत्रकावर डावी व उजवी दिशा एकाच वेळी दाबता येते. दांडीवर ते शक्य नसते. त्यामुळे २०२३ च्या कॅपकॉम स्पर्धांच्या नियमांनुसार अशा परस्परविरोधी दिशांनी एकमेकींना रद्द करणे आवश्यक ठरले.

२ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेमचा समावेश झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २३ डिसेंबर २०२२ रोजी, ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता मिळाली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत स्ट्रीट फायटर फाइव्ह हा पदकाचा खेळ होता. जे साधन एका विभागाच्या लेखी क्रीडासाहित्य होण्याच्या मार्गावर होते, तेच दुसऱ्याच्या लेखी वापरानंतरचा कचरा ठरले.

संग्रहाची निकड

ई-कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट आवश्यकच आहे. परंतु ती होण्यापूर्वी नोंद झाली नाही तर पुरावा कायमचा नष्ट होतो. नियंत्रकांतील वाहक रबर झिजते, प्लॅस्टिक पिवळे पडते, तारा आतून तुटतात. वस्तूबरोबर वापरणाऱ्याची स्मृतीही जाते. म्हणून संग्राहकाने फेरबदलापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र, बदललेल्या भागांची यादी, वर्ष व कारण यांची नोंद ठेवावी. काढलेला मूळ भाग टाकून देऊ नये. दुरुस्तीचे डाग दिसले म्हणून वस्तू कमी प्रतीची मानू नये. तो डाग हाच तिच्या वापराचा लेख होय.

निष्कर्ष

करमणूक, जुगाराचा संशय, कचरा आणि क्रीडा अशी चार रूपे एकाच वस्तूस चाळीस वर्षांत लाभली. कायद्याच्या कागदपत्रांत या रूपांची नोंद आहे. ती दांडी हाताळणाऱ्या व्यक्तीची मात्र नाही. ही उणीव शासकीय दप्तरातून भरून निघणारी नसून घराघरांतील माळे व दुरुस्तीची दुकाने येथूनच ती भरून काढता येईल. पनवेल परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी विद्यार्थ्यांच्या घरातील जुन्या नियंत्रकांची संयुक्त नोंदवही सुरू केल्यास फार थोड्या खर्चात हे कार्य होऊ शकेल. १९९० च्या दशकात खेळलेली पिढी आज माहिती देण्यास उपलब्ध आहे; वस्तू मात्र तेवढा काळ थांबतीलच असे नाही.