परधानाचे धोरण

विद्यापीठांत हल्ली ‘कलाव्यवस्थापन’ शिकवतात, ‘सांस्कृतिक धोरणा’वर पीएचडी होते, प्राध्यापकीही मिळते. शब्द भारदस्त आहेत, पण वयाने लहान. आदिलाबाद जिल्ह्यातल्या नार्नूरच्या बाजूला याच कामाला फार जुना शब्द आहे: परधान.

नार्नूर, उट्नूर, जैनूर या नावांतला ‘ऊर’ द्राविडी, म्हणजे गाव. गोंडीत गावाला ‘नार’ही म्हणतात. त्यावरून नार्नूरची फोड करायचा मोह होतो, पण आवरतो. गावांच्या नावांनी भल्याभल्यांना फसवले आहे.

परधान हे ‘प्रधान’च. प्र + धा, म्हणजे पुढे ठेवलेला. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत हा हुद्दा होता, पुढे कित्येक घरांत तो आडनाव होऊन बसला. राजगोंडांकडे मात्र परधान म्हणजे कुळाचा भाट. हातात किकरी, तीन तारांचे गजवाद्य (आपली किंगरी तिची बहीणच दिसते). लग्नाला, मर्तिकाला, देवकार्याला तो यजमान कुळाची कथा गोंडीत गातो आणि हक्काचे दान घेतो. कुठले कुळ कुठून आले, त्याचा देव कोणता, सोयरीक कोणाशी चालते, हे त्याच्या तोंडी. मंत्र्याचा हुद्दा भाटाकडे कसा आला यावर वाद घाला. मला त्यात विसंगती वाटत नाही. ज्याच्याकडे कुळाचे दप्तर, तो प्रधानच. फक्त हे दप्तर कागदावर नव्हते.

आणि गंमत अशी की, आदिलाबादचे परधान गातात गोंडीत, पण घरात बोलतात मराठी. हे नोंदवून ठेवले क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नात जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञाने. 1940च्या दशकात तो पत्नी बेट्टीसह जैनूरजवळच्या मार्लवाईत राहिला, निजाम सरकारचा आदिवासींविषयीचा सल्लागार झाला आणि पुढे लंडनला प्राध्यापक. त्याच्या कारकिर्दीचा मोठा भाग या मुलखाशी बांधलेला; बेट्टीची समाधीही मार्लवाईतच आहे.

आता ‘धोरण’. संस्कृतात धोरण म्हणजे वाहन, घोड्याची दुडकी चालही. मराठीत त्याला रोख, कल असा अर्थ आला आणि ‘धोरणी’ म्हणजे चार पावले पुढचे पाहणारा. पॉलिसीला हा शब्द चपखल बसला, कारण धोरण एका जागी बसत नाही, चालते. कधी चुकीच्या वाटेनेही. हायमेनडॉर्फने गोंडांसाठी आखलेल्या शिक्षणयोजनेत गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. मराठीच्या शेजारात ते सोयीचेच होते. पण नार्नूर मंडलातल्याच गुंजाला गावात गोंडीची स्वतःची लिपी जुन्या हस्तलिखितांत पडून होती. हैदराबाद विद्यापीठाचे जयधीर तिरुमलराव यांच्यामुळे ती 2006च्या सुमारास अभ्यासकांपुढे आली. साठ वर्षे! धोरण आखणाऱ्याने शेजारच्या गावात विचारायचे असते, एवढेच.

‘संस्कृती’चीही एक हकिकत सांगतो. कल्चरसाठी बंगालीत ‘कृष्टि’ चालायचे, रवींद्रनाथांना ते खटके. सुनीतिकुमार चॅटर्जींना पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून ‘संस्कृती’ कळला आणि रवींद्रनाथांनी तो पसंत केला. ऐतरेय ब्राह्मणात हा शब्द शिल्पाला जोडूनच येतो. शिल्पांनी माणूस स्वतःला घडवतो, अशा अर्थाने. म्हणजे कला आणि संस्कृती यांची गाठ कुठल्याही खात्याने मारलेली नाही.

पैशाचे शब्द जास्त खरे बोलतात. तमाशाचा फड ठरतो तो ‘सुपारी’ने, नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे पंच येऊन ती देतात. ‘बिदागी’त निरोप आहे, अरबी ‘विदा’चा. कलावंताला निरोप देताना द्यायचे ते. आणि सरकारी कागदावर येते ‘मानधन’, ज्यात मान आधी लिहिलेला असतो आणि धन मागाहून येते. गोंडांचे गुसाडी नृत्य जपणारे मार्लवाईचे कनकराजू यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, आयुष्यभराच्या नाचानंतर.

गुंजाला गोंडी लिपीला 2018 साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. ‘परधान’ हा शब्द आता त्या लिपीत मोबाइलवरही लिहिता येतो.