पेटीच्या चोरतळातले पिस्तूल

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घालून ठार केले. कान्हेरे औरंगाबादेत शिकलेले. आमच्या भोकरप्रमाणे ते शहरही तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पाठ्यपुस्तकात ही घटना येते. त्यांच्या हातातल्या ब्राउनिंग पिस्तुलाबद्दल मात्र सहसा काही सांगितले जात नाही. त्याची रचना आपण पाहू.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रात बसतात, त्यामुळे ते मध्यभागी फुगीर असते. अमेरिकन संशोधक जॉन मोझेस ब्राउनिंग याने चक्रच काढून टाकले. बेल्जियमच्या एफ. एन. कारखान्याने काढलेल्या त्याच्या १९०० सालच्या नमुन्यात सात काडतुसे मुठीच्या आत एकावर एक रचलेली असत. मग पुढचे काडतूस नळीत सरकवायचे कोणी? येथे न्यूटनचा तिसरा नियम कामी येतो. गोळी पुढे सुटताना रिकामे टरफल मागे रेटले जाते. त्या धक्क्याने पिस्तुलाचा वरचा जड भाग मागे सरकतो, टरफल बाहेर पडते आणि स्प्रिंग दाबली जाते. स्प्रिंग पूर्ववत होताना नवे काडतूस आत ढकलले जाते. या नमुन्यात स्प्रिंग नळीच्या वर होती आणि काडतुसाच्या टोपीवर आघात करणाऱ्या खिळीलाही तीच जोर देई. एका स्प्रिंगवर दोन कामे भागली. पिस्तुलाची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर आणि वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास होते.

यात रसायनशास्त्राचाही वाटा आहे. जुन्या काळ्या दारूच्या काजळीने असे यंत्र लवकरच अडकले असते. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येय याने धूरविरहित दारू तयार केली, म्हणून हे जमले.

या चपटेपणाचे परिणाम दूरवर झाले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नव्हते. तरी मार्च १९०९ मध्ये लंडनहून सावरकरांनी पाठवलेली २० ब्राउनिंग पिस्तुले मुंबईत पोचली. ती चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या खोट्या तळाखाली दडवलेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात हार्बिन येथे कोरियन क्रांतिकारक आन जुंग-गुन यांनी जपानच्या इतो यांच्यावर झाडलेले पिस्तूलही १९०० च्या नमुन्याचेच होते.

पेटीने पिस्तुले लपवली, पण चतुर्भुज पुढे माफीचे साक्षीदार झाले. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फाशी झाली. सावरकरांना जन्मठेप झाली. हा धडा शिकवताना शिक्षकांनी फुगवलेला फुगा सोडून दाखवावा. हवा एकीकडे, फुगा दुसरीकडे: पिस्तुलाचे तत्त्व विद्यार्थ्यांना तेवढ्यावरून कळते.