मिलोची भाकर

बहात्तरच्या दुष्काळात माणसं भुकेनं मेली नाहीत, असं आमच्याकडं अजून अभिमानानं सांगितलं जातं. ते बरंचसं खरंही आहे. दोन वर्षं पावसानं हुलकावणी दिली होतीच, तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९७२ ला, तो फिरकलाच नाही. तरीही आमच्या सोलापूर-नगरच्या शिवेवर १८७६ सारखी रस्त्याकडेला प्रेतं पडली नाहीत. पण मरणं आणि जगणं यांच्या मधे एक लांबलचक पट्टा असतो. आम्ही वर्षभर त्या पट्ट्यात राहिलो.

आधी १८७६ चं सांगायला हवं, कारण खडी फोडायची रीत तिथलीच. त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यानं दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असं ठरवलं. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. वर मीठ-मिरचीला चार पैसे. मद्रासचे सरकारी डॉक्टर कॉर्निश ओरडून सांगत होते, की एवढ्यावर उन्हात राबणारा माणूस टिकणार नाही. आपल्या मुंबई इलाख्यात तर १८७७ च्या सुरुवातीला हजारो मजूर काम टाकून निघून गेले आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या मागं उभी राहिली. उपाशी माणसांनी संप केला, ही गोष्ट आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी आली नाही. त्याच साली सावित्रीबाई फुले ओतूरहून जोतिरावांना दुष्काळाची हकिगत कळवत होत्या, सत्यशोधक समाजाची माणसं उपाशी पोरांना जेवू घालत होती.

टेंपलच्या त्या पौंडाची मोजणी पुढं सत्तर वर्षांनी भलत्याच ठिकाणी झाली. १९४४ च्या शेवटाला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं छत्तीस धडधाकट तरुण निवडले. युद्धाला नकार दिलेली ही पोरं, स्वखुशीनं उपाशी राहायला तयार झाली. चोवीस आठवडे त्यांना रोज साधारण सोळाशे कॅलरी दिल्या. पौंडभर ज्वारीत भरतात तेवढ्याच! पोरांचं वजन पावपट उतरलं. नाडी मंद झाली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, केस गळाले, घोट्यांवर सूज आली. दिवसभर तोंडी एकच विषय, खाणं. ताटं चाटायची, आणि स्वयंपाकाची पुस्तकं गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचत बसायची.

हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. आमच्या गावाच्या पाझर तलावावर बाया डोक्यावर पाटी घेऊन मातीबरोबर पुरणपोळीचीच चर्चा वाहायच्या. कुणाच्या लग्नात किती कढया आमटी झाली, गुळवणी कशी दाट होती. ऐकणारीच्या तोंडाला पाणी सुटायचं, मग एकदम कुणीतरी खेकसायचं, "गप बसा गं आता." चिडचिड तर घराघरात. भावाभावांत भाकरीच्या तुकड्यावरून बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. ती भांडणं स्वभावाची कमी आणि रिकाम्या पोटाची जास्त होती.

शरीराचा कारभार घरातल्या कर्त्या बाईसारखा असतो. आधी हाताशी असेल ते काढायचं. यकृतात साठवलेली साखर दिवसभर पुरते. मग चरबी, म्हणजे कणगीतलं धान्य. चरबीपासून मेंदूलाही चालेल असं इंधन यकृत तयार करतं, म्हणून माणूस आठवडेच्या आठवडे तग धरतो. शेवटी घराचे वासे काढून चुलीत घालायची पाळी येते, स्नायू जळू लागतात. काळीजही स्नायूच. दरम्यान खर्च कमी करायचा म्हणून अंग गार पडतं, चाल मंदावते, बाईची पाळी थांबते. आमच्या बाया म्हणायच्या, "अंगात काही राहिलंच नाही, तर येणार कुठनं?" डॉक्टरही याहून वेगळं सांगत नाहीत.

जनावरांचं तेच. गाय वर्ष-वर्ष माजावर येईना. दावणीची बैलं चिंध्या, वाळकी हाडं, जुनी पायताणं चघळायची. लोक म्हणत, जनावराला खूळ लागलं. पण चाऱ्यातलं फॉस्फरस कमी पडलं की जनावर हाडं शोधत फिरतं, ती त्याची औषधाची धडपड असते. पिकाचंही बघा. नत्र कमी पडलं की ज्वारी खालची जुनी पानं पिवळी करते, त्यांतलं नत्र काढून वरच्या कोंबाला पोचवते. लोह कमी पडलं की उलटं, कोवळं पान आधी पिवळं पडतं, कारण लोह जुन्या पानातून हलवता येत नाही. उसाला केवडा पडतो तो असा. आमच्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण ती स्वतःच्या ताटातली भाकर नातवाकडं सरकवायची. तिच्या दंडाची कातडी त्या उन्हाळ्यात पदरासारखी लोंबू लागली.

तरी टेंपलच्या काळाशी बहात्तरची बरोबरी होणार नाही. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, आणि मागेल त्याला काम ही वि. स. पागे यांची कल्पना आकार घेत होती. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामावर होती. मजुरी रोख मिळायची, ती थोडकी असली तरी बाजारात जाऊन काहीतरी घेता यायचं. दुपारी सुकडी वाटायचे. आणि रेशनला मिलो आला, अमेरिकेतली तांबडी ज्वारी. तिकडं ती गुराढोरांना घालतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. भाकर थापावी तर चिरा पडत, घशाखाली उतरायची ती पाण्याच्या घोटाबरोबर. पण तिनं जगवलं. मिलोची चेष्टा करणारे पुष्कळ भेटतात, ते बहुतेक नंतर जन्मलेले असतात.

पोट भरलं तरी सगळं भरत नाही, हे मात्र मिलोनं शिकवलं. नुसती भाकर आणि मीठ. भाजी नाही, दूध नाही, तेलाचा थेंब नाही. दिवेलागणीला पोरं भिंतीवर आपटू लागली. रातांधळेपणा. अ जीवनसत्त्व संपलं की डोळा आधी अंधारात दगा देतो. पहिला पाऊस पडल्यावर तांदुळजा, पाथरी, घोळ उगवली, आयांनी ती ओच्यानं खुडून आणली, आणि थोड्या दिवसांत पोरं संध्याकाळी पुन्हा गल्लीत खेळू लागली. दवाखाना दहा कोसांवर होता, त्याच्या आधी बांधावरची भाजी पोचली.

नवं धान्य आलं तेव्हा म्हाताऱ्यांनी एक शिस्त पाळली. फार खंगलेल्याला आधी पेज, मग मऊ भात, पोटभर जेवण नंतर. हे शहाणपण शास्त्राला धरून आहे. खंगलेल्या अंगात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपकन उतरतं आणि काळीज बंद पडू शकतं. महायुद्ध संपल्यावर छळछावण्यांतून सुटलेली कितीतरी माणसं जेवणानंतर दगावली.

आणि जे पोटात होते त्यांचं काय? हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली, तर त्यांच्या रक्तातली साखर इतरांपेक्षा जास्त चढत होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं विलायतेतल्या बाळांपेक्षा सात-आठशे ग्रॅमनं हलकी, हातापायाच्या काड्या, पण अंगावरची चरबी मात्र शाबूत. पोटातच बाळ पुढच्या दुष्काळाची कणगी भरून येतं. मग बाहेर आल्यावर दुष्काळ पडला नाही, उलट एसटी, मोटारसायकल, चहात साखर आणि बसून काम मिळालं, की तीच कणगी अंगावर उलटते. आमच्याकडं त्र्याहत्तरला जन्मलेले आता पन्नाशी ओलांडून गेलेत. दर सोमवारी आठवडी बाजारात पिशवी घेऊन आले की आधी औषधाच्या दुकानात शिरतात, साखरेच्या गोळ्या घेतात, आणि मग भाजीकडं वळतात.