फळीला वाचा फुटली

साड्यांच्या जुन्या दुकानात गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्ये आजही एक माणूस बसलेला असतो. तो घडी मोडतो, पदर हातावर पसरतो, "रंग जाणार नाही, माझी गॅरंटी" असं छातीठोकपणे सांगतो. माल काढून देणं, त्याचे गुण सांगणं आणि तो गळी उतरवणं ही तिन्ही कामं त्याचीच. ती त्याच्या हातून एकेक करून निसटत गेली आणि त्यातूनच मर्चंडायझरचा, म्हणजे दुकानात माल मांडणाऱ्याचा, पेशा उभा राहिला.

सुरुवात पॅरिसची. 'बाँ मार्शे' दुकानात आरिस्तिद बुसिकोने १८५२ नंतर मालावर ठरलेली किंमत लावली आणि तो हाताळून पाहायची मुभा दिली. घासाघीस संपली, तसं विक्रेत्याचं निम्मं बोलणंही संपलं. पुढे मोठाल्या काचा आल्या आणि माल रस्त्यावरच्या माणसाला दिसू लागला. चिनी मातीची भांडी गावोगाव विकणाऱ्या एल. फ्रँक बॉमने १८९७ मध्ये शिकागोत केवळ दुकानांच्या खिडक्या सजवण्यावर 'द शो विंडो' हे मासिक काढलं. १९०० मध्ये त्याचं या विषयावरचं पुस्तक आलं, आणि त्याच वर्षी ओझच्या जादूगाराची गोष्टही. नुसता माल रचून भागत नाही, पाहणाऱ्याचे पाय थबकले पाहिजेत, हे या गोष्टीवेल्हाळ माणसाला नेमकं कळलं होतं.

विक्रेत्यावर मोठा घाव मात्र वाणसामानाच्या दुकानात बसला. ६ सप्टेंबर १९१६ रोजी मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्सने 'पिगली विगली' हे गिऱ्हाईकाने स्वतःच माल उचलायचं दुकान उघडलं. आत शिरताना फिरतं फाटक, हाती टोपली आणि पुढे वळणावळणाची एकच वाट. सगळ्या फळ्या नजरेखालून घातल्याशिवाय गल्ल्यापाशी पोचताच येत नसे. १९१७ मध्ये त्याला या रचनेचं पेटंट मिळालं.

नोकरांचा पगार वाचला, पण साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवल्या तर "ही घ्या" म्हणणारं कोणी उरलं नाही. मग वेष्टनाला आणि जागेला बोलावं लागलं. डोळ्यांच्या उंचीवरची फळी मोक्याची ठरली.

आजचा मर्चंडायझर त्याच फळीवर राबतो. पुडे पुढे ओढून रांग भरलेली दिसेल असं बघतो, तारखा तपासतो, जुना माल पुढे आणि नवा मागे लावतो, प्लॅनोग्राम म्हणजे कुठला माल फळीवर कुठे ठेवायचा याचा नकाशा, त्याबरहुकूम आपल्या मालाची जागा राखतो. आपल्या किराणा दुकानात दर्शनी भागी शांपूच्या लड्या लटकतात, त्याही बरेचदा कंपनीचाच माणूस येऊन टांगून जातो.

वाटणी अशी झाली: माल काढून घ्यायचं काम गिऱ्हाईक फुकटात करतं, गुण वेष्टन सांगतं आणि गळी उतरवण्याचं काम मांडणी करते. जुना विक्रेता निदान दुकानदाराचं मीठ खात होता. फळी लावणाऱ्याचा पगार मात्र अनेकदा फळीवरच्या मालाची कंपनीच देते. म्हणून समोर दिसणारा माल दुकानदाराच्या पसंतीचा असेलच, असं धरून चालू नये.